काळजीला तारीख लावा: सुरुवातीचा गर्भपात आणि लांबणारी गोड बातमी

एक शंभर पानी वही घ्या. मोबाइलमधलं अ‍ॅप नको, वहीच. अ‍ॅप रोज सकाळी "तुमचं बाळ आज तिळाएवढं झालं" असं सांगतं, आणि कोणी बंद केलं नाही तर गर्भ पडून गेल्यावरही सांगतच राहतं. वही गप्प असते.

पहिल्या पानावर गेल्या सहा पाळ्यांच्या पहिल्या दिवसांच्या तारखा, दोघांचे रक्तगट आणि चालू असलेल्या गोळ्यांची नावं डोससकट लिहा. दुसऱ्या पानापासून दोन रकाने पाडा. डावीकडे काळजी, मनात येईल त्या शब्दांत: "आज मळमळ नाही, म्हणजे संपलं का?" उजवीकडे त्या काळजीचं उत्तर कुठल्या तपासणीतून आणि कोणत्या तारखेला मिळेल ते. तारीख नसेल तर "आज उत्तर नाही" एवढंच लिहा. या प्रवासात माणूस सगळ्यात जास्त थकतो तो उत्तर नसलेल्या दिवशी उत्तर शोधून. रोज लघवीची गर्भाची पट्टी करायची, मनानेच लॅबमध्ये जाऊन बीटा, म्हणजे गर्भाच्या हार्मोनची रक्ततपासणी, करायचा, सातव्या आठवड्याची सोनोग्राफी पाचव्यात उरकायची. तपासणी बरोबर असते, दिवस चुकलेला असतो, आणि घरी येते ती आणखी एक काळजी.

दिवस राहायला किती दिवस

निरोगी, तरुण जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता 20 ते 25 टक्केच असते. काही बिघाड नसतानाही चारपैकी तीन महिने कोरे जातात. नियमित संबंध असतील तर शंभरातल्या साधारण 84 जोडप्यांकडे वर्षभरात आणि 92 जोडप्यांकडे दोन वर्षांत गर्भ राहतो. म्हणून बाईचं वय 35च्या आत असेल तर 12 महिने, 35च्या पुढे असेल तर 6 महिने, आणि चाळिशी गाठली असेल तर न थांबता डॉक्टरांकडे जायचं. वय काहीही असो, पाळी 21 दिवसांच्या आत किंवा 35 दिवसांच्या पुढे येत असेल, पूर्वी टीबी झाला असेल, अपेंडिक्स फुटलं असेल, पाळीत असह्य दुखत असेल, किंवा पुरुषाला गालगुंडांबरोबर अंडकोशाला सूज आली असेल, तर वर्षभर वाट पाहण्यात अर्थ नाही.

सगळ्यात मोठी चूक "चौदाव्या दिवसाची". बीज पाळीनंतर चौदा दिवसांनी नाही, पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी फुटतं. पाळी 28 दिवसांची असेल तरच ते चौदाव्या दिवशी येतं. 35 दिवसांची असेल तर एकविसाव्या. फुटलेलं बीज जेमतेम 12 ते 24 तास टिकतं, पण शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जगतात. त्यामुळे उपयोगाचे दिवस साधारण सहा: बीज फुटण्याआधीचे पाच आणि तो दिवस. या काळात एक-दोन दिवसांआड संबंध पुरे. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांचा नेमका दिवस हुकला तर महिना वाया गेला असं नाही, दोन दिवस आधीचाही चालतो. नंतर पाय भिंतीला लावून पडून राहायची गरज नाही. मेडिकलमधली ओव्हुलेशनची पट्टी उपयोगी पडते, फक्त पीसीओएस, म्हणजे बीज वेळेवर न फुटण्याचा हार्मोनचा बिघाड, असेल तर ती उगीचच अनेक दिवस पॉझिटिव्ह दाखवू शकते.

डॉक्टरांकडे गेल्यावर पहिल्याच भेटीत वीर्य तपासणी मागा. आपल्याकडे बाई चार दवाखाने फिरून येते, तिच्या नळ्यांचा एक्स-रे होतो, आणि पुरुषाची सगळ्यात स्वस्त, सुईसुद्धा न टोचणारी तपासणी दोन वर्षांनी होते, तीही कुरकुरत. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणाच्या जोडीने सापडतं.

या तपासणीचा रिपोर्ट बिघडतो तो बहुतेक वेळा नमुना देताना. आधी किमान 2 आणि जास्तीत जास्त 7 दिवस संबंध नको. नमुना पूर्ण डबीत गेला पाहिजे. पहिले थेंब सांडले असतील तर तसं सांगा, कारण जास्तीत जास्त शुक्राणू त्यातच असतात. साधा कंडोम, तेल, साबण काहीच नको. शक्यतो लॅबमध्येच नमुना द्या. घरून न्यायचाच असेल तर तासाच्या आत पोचवा, आणि डबी शर्टाच्या आतल्या खिशात अंगाला लावून न्या. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कुठे उतरतो ते सगळ्यांना माहीत आहे. अशा सकाळी स्कूटरच्या डिकीत ठेवलेल्या नमुन्याची हालचाल मंद दिसणारच.

रिपोर्टमध्ये एका मिलीलिटरला 1 कोटी 60 लाख शुक्राणू, 42 टक्के हालचाल आणि 4 टक्के नॉर्मल आकार ही खालची मर्यादा धरतात. "फक्त 4 टक्के नॉर्मल" वाचून हात-पाय गळतात, पण ती पासाची रेषा आहे. रिपोर्ट कमी आला तर लगेच आठवड्याने पुन्हा करून फारसं काही बदलत नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून वहीत तीन महिन्यांनंतरची तारीख टाका. मागच्या दोन-तीन महिन्यांत डेंग्यू किंवा मोठा ताप येऊन गेला असेल तर तेही लिहा. एकही शुक्राणू दिसला नाही तर मात्र वाट न पाहता लगेच तज्ज्ञ गाठायचा. जिममध्ये घेतलेलं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन शुक्राणू जवळजवळ शून्यावर आणतं. "ताकदीचं" म्हणून घेतलेलं हे इंजेक्शन माणूस डॉक्टरांपासून लपवतो आणि महिने जातात. तंबाखू, गुटखा, मिश्री दोघांचीही बंद.

दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडच्या द्राक्षबागांत काम असेल तर आणखी एक गोष्ट. छाटणीनंतरची पेस्ट, जीएचं (घड वाढवणाऱ्या संप्रेरकाचं) डिपिंग, बुरशीनाशकांची फवारणी यांपासून प्रयत्नांच्या काळात बाईने लांब राहावं. पुरुषाने हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा, आणि ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत. डबा खाण्याआधी हात साबणाने, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

बाईसाठी सुरुवातीला हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, साखर, रुबेलाची प्रतिकारशक्ती आणि एक सोनोग्राफी. रुबेलाची लस घ्यावी लागली तर त्यानंतर महिनाभर गर्भ राहू द्यायचा नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण भागातल्या आदिवासी कुटुंबांत दोघांचीही सिकलसेल तपासणी आधीच करून घ्यावी. फॉलिक अ‍ॅसिड रोज 400 मायक्रोग्रॅम, गर्भ राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून. मधुमेह, फिट्सची औषधं, सिकलसेल किंवा आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष असेल तर डॉक्टर 5 मिलिग्रॅम देतात. एएमएच, म्हणजे शिल्लक बीजांचा अंदाज देणारी रक्ततपासणी, कमी आला म्हणून रडत बसू नका. हा आकडा आयव्हीएफच्या (टेस्ट-ट्यूब बेबीच्या) इंजेक्शनांना बीजकोश किती दाद देईल ते सांगतो, या महिन्यात आपोआप गर्भ राहील की नाही हे सांगत नाही.

पट्टी, बीटा आणि सोनोग्राफी: कोणत्या दिवशी काय दिसतं

पट्टी पाळी चुकल्याच्या दिवशी किंवा त्यानंतर करा. चार दिवस आधी केली की जे गर्भ रुजता रुजताच गळून जातात तेही कळतात. पूर्वी ज्याला बाई "या वेळी पाळी दोन दिवस उशिरा आली" म्हणून सोडून द्यायची, त्याचा आता शोक होतो. बीज फोडण्याचं एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर दोन आठवड्यांच्या आत पट्टी करूच नका, इंजेक्शनच पॉझिटिव्ह येतं.

बीटा एचसीजीचा एकटा आकडा फारसं बोलत नाही. शेजारणीचा 800 आणि तुमचा 240, यातून काहीच सिद्ध होत नाही. 48 तासांच्या अंतराने, त्याच लॅबमध्ये केलेले दोन आकडे बोलतात. पहिला आकडा 1500च्या आत असेल तर दोन दिवसांत तो निदान 49 टक्क्यांनी वाढायला हवा. "दुप्पट झालाच पाहिजे" हा नियम नाही. आकडा जसा वर जातो तशी वाढ मंदावते, आणि सोनोग्राफीत ठोके दिसल्यावर बीटा करत राहण्याचं कारणच उरत नाही.

सोनोग्राफी सुरुवातीला आतून करतात. पोटावरून केलेली या दिवसांत अपुरी पडते, आणि आतून केल्याने गर्भाला धक्का लागत नाही. पाचव्या आठवड्याच्या आसपास पिशवीत गर्भाची थैली दिसते, साडेपाच आठवड्यांना योक सॅक, म्हणजे गर्भाला पोसणारी छोटी पिशवी, सहाव्याच्या पुढे गर्भ आणि ठोके. पण हे आठवडे मोजायचे कसे, इथेच घोळ होतो.

वहीवर मांडून पाहा. शेवटची पाळी 1 जून. बाईची पाळी 36 दिवसांची. म्हणजे बीज फुटलं 22 जूनच्या आसपास, 14 ला नाही. ती 13 जुलैला सोनोग्राफीला जाते. कॅलेंडरने 6 आठवडे पूर्ण, म्हणून सगळे ठोके शोधतात. प्रत्यक्षात गर्भ आठ दिवसांनी लहान, पाच आठवड्यांचासुद्धा नाही. रिपोर्टवर येतं: "लहान थैली, गर्भ दिसत नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा." घरी येईपर्यंत त्याचं "बाळ वाढलंच नाही" झालेलं असतं. हीच बाई 27 जुलैला गेली असती तर जवळजवळ सात आठवड्यांचा गर्भ आणि ठोके एकदमच दिसले असते. म्हणून सोनोग्राफीच्या टेबलावर जाण्याआधी "माझी पाळी 36 दिवसांची आहे" हे वाक्य स्वतःहून बोला. तिथे कोणी विचारेलच असं नाही.

"ठोके येणार नाहीत" हा निकाल देण्यासाठी जगभर ठरलेली मापं आहेत. गर्भाची लांबी, रिपोर्टवरचा सीआरएल, 7 मिलिमीटर किंवा जास्त असून ठोके नाहीत, किंवा थैलीचा सरासरी व्यास 25 मिलिमीटर किंवा जास्त असून आत गर्भ नाही. रिपोर्टवर सीआरएल 4 मिलिमीटर असेल आणि कोणी त्याच दिवशी पिशवी साफ करायला सांगितलं, तर "7 ते 14 दिवसांनी पुन्हा पाहू या का?" असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. जोरात रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग नसेल तर या थांबण्याने नुकसान होत नाही. उलट घाईने नको ते होऊन बसतं.

ठोके येऊन आठव्या आठवड्यापर्यंत नीट वाढ दिसली की पुढे गर्भ पडण्याची शक्यता काही टक्क्यांवर येते. पहिल्या सोनोग्राफीसाठी सातवा आठवडा हा सगळ्यात शहाणा दिवस. दुखत असेल, रक्त जात असेल किंवा पूर्वी गर्भ नळीत राहिला असेल तर मात्र लवकर.

मळमळ एक दिवस थांबली, छाती दुखायची बंद झाली, याला डाव्या रकान्यातच राहू द्या. लक्षणं दिवसागणिक वर-खाली होतात. शिवाय प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या चालू असतील तर छाती जड होणं, झोप येणं, पोट फुगणं हे सगळं गोळीचंही असतं. त्याच गोळीने गर्भ नसतानाही पाळी लांबते. बेत फसला असं वाटून किंवा जमला असं समजून ती मनाने बंद करू नका.

डाग दिसला तर

पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारपैकी एका बाईला थोडंफार रक्त दिसतं, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास गर्भ पुढे नीट वाढतात. म्हणून आधी पॅड लावा, कापूस किंवा टॅम्पॉन नको, आणि वेळ लिहा. रंग तपकिरी की लाल, पॅड किती भिजलं, कळा आहेत का. डॉक्टरांना फोनवर "खूप ब्लीडिंग होतंय" म्हणण्यापेक्षा "सकाळी 9 पासून दोन पॅड अर्धी भिजली, लाल, कळा नाहीत" हे सांगितलं की उत्तर नेमकं मिळतं.

तासाला दोन पॅड पूर्ण भिजून असं सलग दोन तास चाललं, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, पोटात एका बाजूला कापल्यासारखं दुखलं, खांद्याच्या टोकाला कळ आली, ताप किंवा वास येणारा स्राव असेल, तर फोन नको, थेट दवाखाना. एका बाजूचं दुखणं आणि खांद्याची कळ हे नळीत गर्भ राहिल्याचं लक्षण असू शकतं. शंभरात एक-दोन गर्भ असे बाहेर रुजतात, आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. 108 लावा. नाशिकमध्ये त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे सिव्हिल, नाशिकरोडचं बिटको, कथड्याचं झाकीर हुसेन, आडगावचं वसंतराव पवार मेडिकल कॉलेज, यांपैकी जवळचं कोणतं ते आधीच ठरवून वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. खासगी दवाखाना असेल तर तिथे रात्री ऑपरेशनची आणि रक्ताची सोय आहे का हे दिवसाउजेडी विचारा. सुरगाणा-पेठकडून नाशिक गाठायला दोन-अडीच तास जातात. गर्भ पिशवीतच आहे हे सोनोग्राफीत दिसेपर्यंत रात्री निघायची वेळ आली तर गाडी कोणाची, हे ठरलेलं असावं.

पलंगावर पडून राहिल्याने गर्भ वाचतो याला आधार नाही. उलट पाय दुखतात, वजन वाढतं, आणि चोवीस तास छताकडे पाहून काळजी दुप्पट होते. हलकी कामं चालू ठेवा. प्रोजेस्टेरॉनचा फायदा कोणाला होतो हेही बऱ्यापैकी कळलंय: आधी गर्भ पडलेला आहे आणि आता रक्त दिसतंय, अशा बाईला. तिथे योनीमार्गातून 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशी पद्धत आहे, अर्थात डॉक्टरांनी लिहून दिली तर. सरसकट प्रत्येकीला नाही.

गर्भ पडल्यावर

आधी कारणाचं बोलू. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिक गर्भांत गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते, बीज आणि शुक्राणू एकत्र येण्याच्या सुमारास. बाईने हंडा उचलला, स्कूटर खड्ड्यात गेली, कसारा घाट उतरला, सप्तशृंगी गडाच्या पाचशेच्या आसपास पायऱ्या चढल्या, पपईची फोड खाल्ली, यातल्या कशानेही तसं होत नाही. ठोके बरेचदा काही दिवस ते आठवडे आधीच थांबलेले असतात, आणि रक्त दिसतं तेव्हा घरातले आदल्या दिवशीचं काहीतरी शोधतात. हा हिशोब सासूबाईंना एकदा वहीवर मांडून दाखवावा. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.

पुढे तीन वाटा असतात. आपोआप सगळं बाहेर पडू देणं: याला दिवस ते आठवडे लागतात. गोळ्या: मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, कारण नळीतल्या गर्भावर या गोळ्या चालत नाहीत आणि धोका लपून राहतो. तिसरी, पिशवी साफ करणं. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटना खरवडण्याऐवजी ओढून घेण्याची, म्हणजे सक्शनची पद्धत सांगते. "क्युरेटिन (म्हणजे खरवडणं) करणार की सक्शन?" हा प्रश्न विचारा, पुढच्या गर्भधारणेसाठी पिशवीचं अस्तर शाबूत राहणं महत्त्वाचं आहे. तिन्ही वाटा योग्य बाईला सुरक्षित आहेत. रक्तस्राव फार असेल तर मात्र निवडीला वाव नसतो.

बाईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर, पुढच्या बाळाच्या रक्ताला धोका होऊ नये म्हणून देतात त्या अँटी-डी इंजेक्शनचं त्याच दिवशी विचारा. द्यायचं ठरलं तर 72 तासांच्या आत. दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा गर्भ पडत असेल आणि गुणसूत्रांची तपासणी करायची असेल तर तो भाग फॉर्मेलिनमध्ये टाकू देऊ नका. तो सलाइनमध्ये, ताजा, लॅबला जावा लागतो. एकदा फॉर्मेलिन पडलं की ती तपासणी गेली. हे शस्त्रक्रियेच्या आधी सांगायचं, नंतर सांगून उपयोग नाही.

रक्त साधारण दोन आठवड्यांत थांबतं. तीन आठवड्यांनी पट्टी करा, ती निगेटिव्ह यायला हवी. पॉझिटिव्ह असेल तर दाखवायला जा. पाळी चार ते सहा आठवड्यांत येते, पण बीज त्याआधीच, कधी दोन आठवड्यांतच फुटू शकतं. नको असेल तर लगेच काळजी घ्या. पूर्वी सहा महिने थांबायला सांगत. त्या थांबण्याचा फायदा पुढच्या अभ्यासांत दिसला नाही. एक पाळी येऊ द्या म्हणजे तारीख मोजायला सोपं जातं, बाकी मनाची तयारी.

रजेचं बहुतेकींना माहीत नसतं. 1961च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली, आणि ती आजही मिळते. ईएसआयचं कार्ड असेल तर सहा आठवड्यांचा रोख लाभ तिथून मिळतो, सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात चौकशी करा. दाखल्यावर गर्भपात हा शब्द आणि तारीख असावी. "पोटदुखी, विश्रांतीचा सल्ला" असं लिहून आणलं की साधी आजारपणाची रजाच मिळते. साहेबांना कळायला नको असेल तर दाखला थेट एचआरला, बंद पाकिटात.

पुन्हा पडला तर

दुसऱ्या गर्भपातानंतर तपासण्या सुरू कराव्यात. उपयोगाच्या अशा: रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटीफॉस्फोलिपिडची तीन अँटीबॉडी, पॉझिटिव्ह आली तर 12 आठवड्यांनी पुन्हा. टीएसएच आणि साखर. पिशवीत पडदा आहे का ते पाहायला थ्री-डी सोनोग्राफी. काही जोडप्यांत दोघांची गुणसूत्रं.

उपयोग नसलेली, तरी सर्रास होणारी एक: टॉर्च, म्हणजे रुबेलासारख्या काही संसर्गांची एकत्र रक्ततपासणी. तिचा आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे तो आजार कधीतरी होऊन गेला, इतकंच. वारंवार गर्भ पडण्याचं कारण शोधायला ती चालत नाही, आणि त्या रिपोर्टवर महिनोन्‌महिने गोळ्या खाल्लेल्या बायका कमी नाहीत. तसंच अ‍ॅस्पिरिन आणि पोटावर टोचायची, रक्त पातळ ठेवणारी हेपॅरिनची इंजेक्शनं. अँटीफॉस्फोलिपिड असेल तर ती गर्भ वाचवतात, सगळ्यांना "सेफ साइड" म्हणून नाहीत. चालू औषध मनाने थांबवू नका, पण प्रत्येक औषधासमोर वहीत एक प्रश्न लिहून न्या: हे माझ्या कोणत्या रिपोर्टवरून?

आकडा हवाच असेल तर हा घ्या. आधी गर्भ पडलेला नसेल तर पडण्याची शक्यता साधारण 11 टक्के, एकदा पडल्यावर 20, दोनदा पडल्यावर 28, तीन किंवा जास्त वेळा पडल्यावर 42. वयाप्रमाणे हे बदलतं, चाळिशीनंतर बरंच. तरी तिसऱ्यांदा पडल्यानंतरही पारडं पुढच्या गर्भाच्याच बाजूने झुकलेलं आहे.

आयव्हीएफची वेळ आली तर केंद्र 2021च्या कायद्याखाली नोंदलेलं आहे का ते पाहा. "सक्सेस रेट" विचारताना "पॉझिटिव्ह किती" नको, "माझ्या वयाच्या बायकांत सुरू केलेल्या शंभर सायकलमागे घरी बाळ किती" असं विचारा. दोन्ही आकड्यांत मोठं अंतर असतं.

रात्री दोन वाजता

काळजी करू नकोस, हे वाक्य निरुपयोगी आहे. काळजीला वेळ ठरवून द्या: संध्याकाळी साडेसहा ते सहा पन्नास, खुर्चीत बसून, पलंगावर नाही. दिवसभर जे सुचेल ते डाव्या रकान्यात एका ओळीत टाकायचं आणि "साडेसहाला बघू" म्हणायचं. साडेसहाला वही उघडली की निम्म्या ओळी फिक्या वाटतात. उरलेल्यांना तारीख लावायची. पहिले चार-पाच दिवस हे खोटं खोटं वाटतं, दुसऱ्या आठवड्यात बसतं.

रात्री जाग आली तर फोन दुसऱ्या खोलीत. श्वास चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून बसा, पलंगावर लढू नका.

सोनोग्राफीच्या खोलीची धास्ती वेगळीच. मागच्या वेळी तिथेच "ठोके नाहीत" ऐकलेलं असतं. आत जाताच सांगा: "मागच्या वेळी इथे वाईट बातमी मिळाली होती. आधी तुम्ही पाहा, मग मला सांगा, स्क्रीन तोवर वळवून ठेवा." शक्य तर सकाळची पहिली वेळ घ्या, म्हणजे पोटुशा बायकांच्या रांगेत दोन तास बसावं लागत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस रडू थांबत नसेल, जेवण-झोप गेली असेल, तो प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येत असेल, तर मानसोपचाराची मदत घ्या. टेलिमानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही. जगू नये असं वाटलं तर त्याच घडीला फोन लावा आणि घरातल्या एका माणसाला जवळ बसवा.

घरातली माणसं

नियम एकच: ज्याचे नातेवाईक, त्याने बोलायचं. सासरच्यांना नवऱ्याने, माहेरच्यांना बायकोने. "काय गं, काही गोड बातमी?" याला उत्तर आधीच पाठ असावं: "मावशी, बातमी असली की आम्हीच पेढे घेऊन येऊ. तोवर विचारू नका." दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच वाक्य, शब्द न बदलता. स्पष्टीकरण दिलं की सल्ले सुरू होतात.

जावेचं डोहाळजेवण असेल तर जायचं की नाही हे आदल्या दिवशी ठरवा. गेलात तर अर्धा तास, ओटी भरा आणि निघा. नवऱ्याला फोन करायची वेळ आधीच ठरलेली असावी. गर्भ पडलेल्या बाईला ओटी भरण्यातून वगळायची घाणेरडी पद्धत अजून काही घरांत आहे. तिथे बोलायचं काम तिचं नाही. सासूने किंवा नवऱ्याने पुढे होऊन म्हणावं, "आमची सून आधी भरेल."

त्र्यंबकला नारायण नागबळी करावा असं कोणीतरी सुचवतंच. तीन दिवसांचा विधी आहे, श्रद्धा असेल तर करा, मनाला बरं वाटत असेल तर त्यात वाईट काही नाही. मात्र त्यासाठी तपासणीची तारीख पुढे ढकलायची नाही, गोळी चुकवायची नाही, आणि खर्च आधी विचारून घ्यायचा.

नवऱ्याकडे कोणी पाहत नाही. मेडिकलच्या फेऱ्या, दवाखान्याचं बिल, आईचे फोन, हे सगळं तो करतो आणि "तू कसा आहेस" हे त्याला कोणी विचारत नाही. बरेच पुरुष दुःख कामात घालतात, आणि बायकोला वाटतं याला काहीच वाटलं नाही. आठवड्यातून एकदा, गंगापूर धरणाकडे गाडी काढून का होईना, दोघांनी अर्धा तास फक्त याबद्दल बोलावं. उरलेल्या आठवड्यात हा विषय जेवणाच्या ताटावर नको.

पुढच्या वेळी पट्टी पॉझिटिव्ह आली की बारा आठवडे कोणालाच सांगायचं नाही, अशी रीत आहे. ती थोडी मोडा. ज्यांना वाईट बातमीही सांगाल अशी दोन माणसं निवडा, एक बहीण किंवा मैत्रीण, एक नवऱ्याचा मित्र, आणि त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगा. वहीत सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीची तारीख आणि 11 ते 13 आठवड्यांमधल्या एनटी स्कॅनची (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणाऱ्या सोनोग्राफीची) तारीख टाका आणि त्या दोघांनाही त्या तारखा द्या. त्या सकाळी एकजण दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीजवळ थांबेल, दुसरा रात्रीचा डबा घेऊन येईल.